लाल दोरी आणि एक 'नाही'

गमरेसरांना मी प्रथम पाहिले ते भाईंदरच्या मोरवा गावाजवळच्या मिठागराच्या बांधावर, हातात फळी घेऊन. फळीवर त्यांनी खडेमीठ पसरले, त्यावर ओले बारीक मीठ थापले आणि फळी हळूहळू तिरकी केली. वरचा थर अखंड घसरून खाली आला. "वरचा थर किती छान दिसतो ते बघू नका," भोवतीच्या पाच-सहा जणांना ते म्हणाले, "तो कशावर बसलाय ते बघा." समाजाविषयी मी व्यासपीठावरून घसा फोडून जे सांगत होतो, ते हे गृहस्थ मूठभर मिठात सांगत होते. ऐंशीच्या दशकाची ती अखेर. त्याच आठवड्यात मी त्यांच्या स्की शिकवणाऱ्या मंडळात दाखल झालो.

सैन्यात सरांनी कित्येक हिवाळे बर्फात काढले होते. निवृत्तीनंतर ते भाईंदर पश्चिमेला राहू लागले आणि आम्हा नोकरदारांना हिमाचलातल्या मोकळ्या डोंगरांवर स्की शिकवायला नेऊ लागले. प्रत्येकाने कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडायची. बर्फ कोसळून माणूस गाडला गेला तरी दोरीचे टोक वर राहते. आणि प्रत्येक उतारापूर्वी सर सर्वांत नवख्याला आधी विचारत, "जायचं का?" एकाने 'नाही' म्हटले की सगळे मागे. कारण विचारायचे नाही. "कारण विचारलं की नवखा लाजतो आणि हो म्हणून टाकतो," सर म्हणत.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात नवखा होता उत्तनचा रेमंड, मच्छीमार घरातला, बँकेत कारकून. रात्री भरपूर बर्फ पडला होता. सर थोडे पुढे खड्डा खणून बर्फाचे थर तपासत होते. रेमंड मला म्हणाला, "पायाखाली धप्प वाजलं, थर खचतोय. मी न्हाय म्हननार."

"समुद्राचा माणूस तू, आवाजाला भितोस?"

"समुद्राचा हाय म्हनूनच भितोय."

माझी रजा संपत आली होती. मी धैर्यावर बोलू लागलो. चांगली दहा मिनिटे बोललो. सरांनी येऊन विचारले तेव्हा रेमंड खाली बघत "हो" म्हणाला.

उतार एकेकट्याने ओलांडायचा होता. रेमंड मध्यावर असताना बर्फाचा वरचा थर फळीवरच्या मिठासारखा तुटला. रेमंड दिसेना. मी नुसता ओरडत राहिलो. सरांनी आणखी बर्फ सुटेल का म्हणून वरचा उतार निरखला, खाली गेले, लाल टोक शोधले आणि फावडे चालवले. रेमंड जिवंत निघाला. पाय मोडला होता.

उत्तनला त्याच्या आईसमोर सर म्हणाले, "चूक माझी." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडले नाही. पुढे भाईंदरच्या केबिन रोडवरच्या दुकानांतही लोक म्हणू लागले, गमरे पोरं मारायला नेतात. मंडळ निम्मे झाले. सरांनी माझे नाव कधीच काढले नाही, रेमंडनेही नाही. त्या वर्षांत मी सत्य या विषयावर किती भाषणे दिली, ते आठवले की आजही स्वस्थ बसवत नाही.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी सरांना म्हणालो, "या वेळी खरं लिहितोय."

"लिहा. पण पूर्ण लिहा. तुमचं बोलणं वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येत होतं. ऐकूनही मी रेमंडचा होकार धरला. त्याच्या आईला मी खोटं सांगितलं नव्हतं."

स्वतःचा वाटा त्यांनी उघडपणे उचलला आणि माझाही मुकाट्याने वाहिला. त्यांच्या थोरवीने मला शांतता मिळत नाही, आणि मिळूही नये.

लेख छापायला देण्यापूर्वी मी उत्तनला जाऊन त्या माउलीला सगळे सांगितले. त्या मासे साफ करत होत्या. "यवडी वर्सं तोंड कुटं ठेवलं व्हतंस?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

सरांनी साठी ओलांडून शंभरी गाठावी, गुडघे आणि डोळे शाबूत राहावेत, असे मी मनापासून मागतो. येत्या हिवाळ्यात रेमंड आणि मी दोघेही त्यांच्यासोबत निघालो आहोत. "जायचं का?" असे ते नवख्याला विचारतील, तेव्हा मी गप्प उभा असेन.