दाजींचं कोमट पाणी

हुमनाबादच्या आभाळात येणाऱ्या प्रत्येक ढगाशी आमच्या दाजींची घरगुती ओळख आहे, असं मी छातीठोक सांगतो. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. रसायनाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं त्यांचं एकच काम: तापलेल्या वाफा नळ्यांतून नेऊन त्यांचं पाणी करणं. वरणावरचं झाकण उचललं की आतले थेंब ते असे न्याहाळत बसतात, की अक्काला पळी धरून ताटकळावं लागतं. सकाळी तुरीवर धुकं उतरलं की सायकल थांबवतात. "बघा, कसं उतरायलंय. काई घाई न्हाई."

त्यांच्या मते साध्या वाफेला सांभाळायला अक्कल लागत नाही. पण त्यांच्या वाफा गार होता होता एकमेकींना बिलगतात, आणि नळीभोवती फिरणारं पाणी फार थंड असलं तर नळीतच पांढरा दगड होऊन बसतात. एका नव्या साहेबांनी हौसेनं बर्फासारखं पाणी सोडलं आणि सगळं काम ठप्प केलं. दाजी दोन दिवस नळ्यांना ऊब देत बसले, बाळंतिणीला शेक द्यावा तसे. "कोमट पानी लागतंय, साहेब. एकदम गार केलं की घाबरत्यात त्या."

हाच इलाज ते माणसांवर करतात. कोहिनूर गावातल्या एका लग्नात दोन व्याही मानपानावरून पेटले. कुणीतरी बर्फाचं पाणी आणलं, ते दाजींनी हिसकावून ओतलं आणि दोघांच्या हाती कोमट पाण्याचे पेले दिले. पहिल्याच घोटाला दोघं मिळून दाजींवर तुटून पडले. पंगतीत शेजारी शेजारी बसले, तेव्हाही दाजींनाच नावं ठेवत होते.

आणि असा माणूस स्वतःच्या घरी चुकला. एकुलत्या एका लेकीला दूर गुजरातेत, वाफांच्याच कामावर नोकरी लागली. दाजी म्हणाले, "न्हाई." एवढंच. लेकीनं बोलणं सोडलं. होकार कळवायला दोन दिवस उरले, तेव्हा अक्का कडाडली, "नळीला दोन दिवस शेक देता, अन् लेकराला एकदम गार पानी? कामून?"

दाजी उठले. मग लेकीजवळ जाऊन बसले. "तिथं पानी किती गरम ठेवतेत, इचारलीस का?"

"न्हाई, अप्पा."

"मग जायच्या आदी इचारून घे."

ती गेली. आता रोज तिन्हीसांजेला तिचा फोन येतो. "पानी पन्नास डिग्री हाय आज, अप्पा." "चांगलंय." एवढंच बोलतात दोघं. परवा मी समोरच होतो. दाजी डोळे मिटून, फोन कानाला लावून बसले होते.

"कट होऊन लई वेळ झाला की," अक्का म्हणाली.

"व्हय," दाजी म्हणाले, आणि फोन तसाच धरून राहिले.