रंभाची सांजची बैठक

धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी रंभाचं घर. बाई कामाला वाघीण नि तोंडाला फटकळ. पण यंदा शिमग्यानंतर तिचं डोकं तिच्या ताब्यात राहिलं नाही, आणि ते साऱ्या गावाला कळलं, तेही कसं म्हणाल तर आग लावून!

झालं असं, की नवऱ्याच्या, कोंडूच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ होता. कोंडू शीळ घालत फिरे, आणि इकडे रंभाच्या डोक्यात एकच दळण. वाईट निघालं तर? आपण आधीच का नाही दवाखान्यात नेलं? लेकीच्या, मनस्वीच्या कॉलेजचं काय? भाकरी थापताना तेच, शेणगोठा करताना तेच.

अशात राब भाजायची वेळ आली. भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत अंथरून वर माती पसरायची नि भाजायची. काडी लावायची ती वारा जिकडे वाहतो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकते नि माती नीट भाजते. शेंबडं पोरही हे सांगेल. रंभाने काडी लावली नेमकी दुसऱ्या टोकाला! आग वाऱ्याबरोबर सुसाट निघाली ती थेट शेजारच्या गोदूआत्याच्या पेंढ्याकडे. माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली म्हणून पेंढा वाचला. राब मात्र वरवर जळून कच्चा राहिला.

"डोकं कुठं होतं गो तुझं?" गोदूआत्या कडाडली.

रंभा मटकन खाली बसली. "आत्या, ते विचार थांबतच नाय. नको म्हटलं का जास्तीच येतात."

आत्याचा राग तिथंच उतरला. ती शेजारी टेकली. "मग नको म्हणूच नको. टाइम ठरवून दे त्यांना. माझा पोरगा गाडीवरून पडला होता ना, तवा मी तेच केलं. दिवसभर काय आलं का सांगायचं, सांजच्याला ये. नि सांजच्याला बसायचं म्हंजे बसायचं. मनाला फसवायचं नाय."

रंभाला आधी हसू आलं. पण बुडत्याला काय, तिने करून पाहिलं. गुरं परतायच्या वेळी बांधावरच्या दगडावर बसायचं ठरवलं. पहिल्या दिवशी "आता नाय, सांजच्याला!" असं ती इतक्यांदा मोठ्याने ओरडली, की विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसेनात का! सांजेला ती दगडावर बसली, पोटभर घाबरली, रडली, नि उठून धारा काढायला गेली.

चार-पाच दिवसांत तिच्या ध्यानात आलं, की दिवसभर छळणारे निम्मे विचार सांजेला फिरकतसुद्धा नाहीत. जे येत ते जुनेच, ओळखीचे. हात मोकळे झाले तसा तिने नवा पाला गोळा केला, राब पुन्हा अंथरला, वारा पाहिला नि यावेळी बरोबर टोकाला काडी लावली. गोदूआत्या आपल्या अंगणातून लक्ष ठेवून होतीच.

कोंडू चिडवायचा, "काय रंभे, आज बैठकीला कोण कोण आलं?"

"तुमी सोडून सगळी," ती फटकन म्हणायची.

रिपोर्ट आला. टीबीची गाठ. गोळ्या चुकवल्या नाहीत तर पूर्ण बरी होईल, डॉक्टर म्हणाले. रंभाने दवाखान्यातच हात जोडले. येताना कोंडू एसटीत रस्ताभर बडबडत होता, आणि उतरल्यावर तिने धसईच्या बाजारातून जिलेबी घेतली.

सांजेला ती गुरं आणायला गेली. आज बसायचं काही कारण नव्हतं. पण बांधावर पाहते तर तिच्या दगडावर कोंडू. पाठमोरा, मान खाली.

"अवो, आता काय झालं? चांगलंच आलंय ना?"

"चांगलं आलंय म्हणून तर बसलोय," तो म्हणाला. आवाज फाटलेला. "इतके दिवस बसलो असतो तर तू बघितलं असतंस."

या माणसाची शीळ तिला खरी वाटली होती! गुरं आपापली घराकडे निघाली, तिने जाऊ दिली.

"सरका थोडे," ती म्हणाली.

कोंडू सरकला. ती शेजारी बसली, आणि मग तो रडला.