शून्याच्या जरा वर

"मॅडम, गरम झालं," पडद्यावरचा आकडा बघून माझी विद्यार्थिनी मुग्धा हिरमुसून म्हणाली. बाहेरच्या माणसाला हसू आलं असतं. आमच्या प्रयोगशाळेतलं 'गरम' बर्फाहून कितीतरी थंड असतं. ज्याच्याखाली थंडी जातच नाही, त्या शून्याच्या जरासं वर.

आम्ही तपासतो त्या स्फटिकातले अणू म्हणजे होकायंत्राच्या इवल्या सुया, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. उष्णतेनं त्या भरकटतात, हे कुणालाही पटेल. पण आम्ही शोधतो तो बिंदू थेट शून्यावर आहे. तिथं उष्णता नसतानाही सुयांचं एकमत मोडतं. त्या शून्यापर्यंत कुणीच पोचत नाही. तरी वरच्या उबेतसुद्धा सुया त्याच बिंदूच्या धाकात वागतात, म्हणून तर तो आहे हे कळतं.

"उद्या परत थंड करू," असं तिला सांगून मी निघाले.

बाबांची झोप फार सावध होती. शेवटच्या आजारात तर नुसती कडी वाजली तरी दचकून उठायचे. ते गेल्यापासून घरात मी एकटीच. सकाळी मीच घातलेलं कुलूप काढलं, कडी बोटांनी धरून आवाज न होऊ देता अलगद सरकवली, आणि चपला हातात घेऊन आत गेले.