जिल्ह्याचा पहिला अध्यक्ष

अण्णामामा गेल्याचं मला शेषरावकाकांनी फोनवर सांगितलं. "पोरी, तुझा मामा गेला गं... आमी पक्षाचा झेंडा घेऊन येऊन राहिलो. मामीला सांग, अंगावर दुसरं काही टाकू नका." मी पुण्याहून वसमतला पोहोचले तेव्हा झेंडा टाकून झाला होता आणि शेषरावकाका, मामांचे बालमित्र, वाकून त्याचे कोपरे सारखे करत होते.

मामांचा हळदीचा छोटा व्यापार होता, पण तो मामीच बघायची. मामा पक्ष बघायचे. सभेआधी माईक तपासताना ते 'हॅलो' म्हणत नसत, गावांची नावं घेत... पुसेगाव, सिद्धेश्वर, औंढा. हिंगोली नवा जिल्हा झाला आणि पक्षाला पहिला जिल्हाध्यक्ष निवडायचा होता. मामांना ते पद हवं होतं. आयुष्यात त्यांनी पक्षाकडे मागितलेली ही एकच गोष्ट. समोर होते गंगाधरराव, कापसाच्या जिनिंगचे मालक, पक्षात नुकतेच आलेले.

अशा निवडीची एक रीत असते. वरून निरीक्षक येतो, विश्रामगृहात बसतो, एकेका कार्यकर्त्याला आत बोलावून मत विचारतो. मग नाव जाहीर होतं आणि जो हरला त्यानेच उठून जिंकलेल्याचं नाव सुचवायचं. म्हणजे निवड एकमताने झाली असं लिहिता येतं.

त्या वेळचे निरीक्षक दक्षिणेतले होते. मराठी येत नव्हतं, हिंदी अगदी तोडकंमोडकं. मामा अभिमानाने पुढे झाले. "आमची भाची नांदेडला इंग्रजी शाळेत हाय, अकरावीला. तिला बसवा." उमेदवाराची भाची म्हणून कोणीतरी हरकत घेईल असं मला वाटलं, थोडी आशाही होती. गंगाधरराव हसले. "बसू द्या की. लेकरू हाय. आपलं काय लपून राहिलंय?"

आत पहिलाच माणूस म्हणाला, "अण्णा देवमाणूस हाय, साहेब. पण देवाला काहून निवडणुकीत उतरवता?" आणि मी भाषांतर करेपर्यंत साहेबांच्या हसण्याची वाट बघत थांबला. साहेब हसले. दुसरा म्हणाला, "गंगाधररावांकडं जीप हाय. अण्णाकडं यष्टीचा पास." जाताना प्रत्येकजण माझ्याकडे वळायचा. "पोरी, मामाला सांगू नको बरं का."

शेवटी शेषरावकाका आले. त्या सकाळी ते मामीच्या हातचं जेवले होते. मी वहीवरून मान वर केली. "एका ताटात जेवलो आमी," ते म्हणाले. "आता त्यानं खुर्चीवर बसावं अन् मी सतरंजीवर? न्हाई साहेब. कोणालाबी करा, अण्णा नको." मी ते इंग्रजीत सांगितलं. साधं वाक्य होतं, कुठे अडखळले नाही.

एकानेही पदासाठी मामांचं नाव घेतलं नव्हतं.

बाहेर मामा कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते. "बराबर चाललंय न्हवं?" त्यांना घरी पाठवता आलं असतं. पोटात दुखतंय म्हणा, काहीही म्हणा... मी नुसती 'हो' अशी मान हलवली. अर्ध्या तासाने ते गंगाधररावांचं नाव सुचवायला उभे राहिले. आवाज मागपर्यंत जाईना. मागून कोणीतरी ओरडलं, "जोरात, अण्णा! माईक तर रोज तुमीच लावता!" सगळे हसले. शेषरावकाकाही.

परतताना रिक्षात मामांनी विचारलं, "खरं सांग, माझ्याकडून किती जण बोलले?"

"सगळे," मी म्हणाले.

मला त्यांची दया आली होती असं नाही. मला तो प्रश्न संपवायचा होता. मामांचा चेहरा मात्र उजळला. त्या दिवसापासून दोष निरीक्षकाचा झाला आणि दर दिवाळीला तीच माणसं घरी जेवायला येत राहिली. मामा स्वतः वाढायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचे.

तेराव्यानंतर मामीने त्यांच्या टेबलाचा खण उघडला. आत पक्षश्रेष्ठींना पाठवलेल्या अर्जांच्या प्रती होत्या, दर वर्षीचा एक, मजकूर तोच. 'सर्व कार्यकर्त्यांनी माझेच नाव घेतले होते. ते दडपण्यात आले. माझी भाची तेथे हजर होती. ती खोटे बोलत नाही.' खाली 'साक्षीदाराची सही' असं लिहून जागा सोडलेली. प्रत्येक प्रतीवर ती कोरी होती.

"माझ्याकडे कधी मागितली नाही," मी म्हणाले.

मामी म्हणाली, "दर साली मी म्हणायची, घ्या पोरीची सही. तर म्हणायचे, नको, तिनं न्हाई म्हणलं तर?"