अंगणातला नळ तपासनीस

पहिल्याच घरी मला अंगणात थांबवलं. नळ आत, मोरीत. तपासणारा बाहेर, तुळशीपासूनही लांब. घरमालक आत जाऊन आले.

"नळ उत्तम आहे. कर सही."

मी केली. वर "बरं साहेब" म्हणालो. असा मी नळ तपासनीस!

आमच्या किनाऱ्यावरच्या गावाला नगरपालिकेनं नळ आणले, तेव्हा सरकारची अट होती. तपासनीस नळकामाची परीक्षा पास झालेला हवा आणि स्वतः ठेकेदार नको. त्याच्या सहीशिवाय घरात पाणी सोडायचं नाही. अध्यक्षांचा मेव्हणा ठेकेदार, तो बाद. बाकी कुणी परीक्षा दिलेलीच नव्हती. मुंबईत नळकाम शिकून आलेला महारवाड्यातला मी तेवढा उरलो. मला वाटलं, कायद्यानं मला निवडलं. महिनाभर छाती काढून फिरलो, अंगणाअंगणांतून. पितळी बिल्ला राखेनं घासायचो.

आये म्हणायची, "घास, घास. त्याच्यात तोंड तरी दिसंल. नळ तर दिसत न्हाय तुला."

मग अध्यक्षांच्या घरची पाळी आली. या खेपेला अंगणातूनच दिसलं. मेव्हण्यानं नळाची नळी पायखान्याच्या खड्ड्यातून आरपार नेली होती. सांधा त्या घाणीत बुडालेला.

अध्यक्षांना म्हणालो, "भाऊसाहेब, सांधा उघडून हातानं बघावा लागंल. आतला नळही."

"तुझ्या हातानं? मग ते पाणी प्यायचं कोणी?"

मला हसू फुटलं. नको तिथं हसायची माझी जुनी खोड. पण खड्ड्यातलं चालत होतं, माझा हात चालत नव्हता!

भाऊसाहेब चिडले नाहीत. तेच वाईट. सुपारी कातरत हळू बोलले, "पलीकडच्या तालुक्यात तळ्याला हात लावणाऱ्यांची डोकी फुटली, ऐकलंस ना? तुमची घरं पेंढ्याची. वारा समुद्राचा. उद्या सही कर."

घरी येऊन सांगितलं. महारवाड्यातली माणसं जमली. चुलत्यानं पोरांना घरात घेतलं. कुणीतरी म्हणालं, "कर की सही. त्यांची घाण, त्यांचं पोट."

आये छपराकडं बघत होती. मग म्हणाली, "हात न लावता सही केलीस, तर तूच त्यांना सांगतोस, माजा हात इटाळाचा हाय."

ते मला चाबकासारखं लागलं. त्यांनी मला अंगणात उभं केलं होतं. पण महिनाभर तिथं उभा राहिलो तो मी.

सकाळी कचेरीत गेलो. अध्यक्षांच्या जोडणीवर लिहिलं, 'तपासू दिलं नाही. पाणी सोडू नये.' मग आधीच्या सगळ्या सह्या खोडल्या. कारकून पांढरा पडला. "अरे, वाडा पेटवतील तुझा!"

पेटवतील. ठाऊक आहे. बाहेर दोघं काठ्या टेकून उभे होते, माझीच वाट बघत.

पण तिथून पुढं अंगणात सही नाही. मी आत जाईन, नळाला हात लावीन. माझ्या हातानं विटाळणारं पाणी ज्यांना नको, त्यांनी कोरडं राहावं.