भादव्यातल्या शिंका

सूर्यभान साळवे एसटीत ड्रायव्हर होता. कर्जत-नगर ही त्याची नेहमीची गाडी. भादवा लागून रस्त्याकडेचं गाजरगवत पांढरं फुललं, की त्याला शिंका सुरू व्हायच्या. एक आली की मागून रांगच लागे. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे. दिवाळीनंतर आपोआप थांबायचं, म्हणून घरात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं.

दवाखान्यातल्या गोळीनं शिंका थांबत, पण डोळ्यांवर झापड येई. १९९४ च्या भादव्यात मिरजगावच्या पुढे त्याला क्षणभर डुलकी लागली आणि गाडी रस्ता सोडून मुरमावर उतरली. कुणाला लागलं नाही. त्यानं गोळी सोडली.

पुढच्याच आठवड्यात त्याच रस्त्याला शिंकांची उबळ आली. डोळे उघडले तेव्हा समोर मेंढरांचा कळप होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आवं मामा, लोक खोळंबलेत," कंडक्टर छगन म्हणाला.

"खोळंबू दे. डोळं मिटून गाडी हाकू का?"

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "सकाळीच घेतलीय वाटतं ड्रायव्हरनं!"

पंचशील घेतलेला माणूस, आयुष्यात दारूला शिवला नव्हता. त्यानं मागून येणाऱ्या गाडीत लोकांना बसवून दिलं आणि संध्याकाळी डेपोत जाऊन दिवाळीपर्यंत वर्कशॉपचं काम मागून घेतलं.

नगरला एक डॉक्टरीणबाई चिनी पद्धतीनं सुया टोचून बरं करतात, हे त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, विहारात ऐकलं होतं. तिनं आठवडाभर टुमणं लावलं, तेव्हा तो गेला. डॉक्टर दीपा कोलंबोला ही विद्या शिकून आल्या होत्या.

"बाई, ह्यानं झोप येती का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बराच वेळ धरली. जीभ फिकी होती, कडेला दातांचे वळ होते.

"जेवण वेळेवर नसतं ना?"

"ष्ट्यांडवर मिळंल तवा. गार डबा."

"चिनी वैद्य म्हणतात, अंगाभोवती एक राखण असते. तिला अंगभर फिरवतात ती फुप्फुसं, आणि तिला बळ मिळतं पचनातून. राखण पातळ झाली की वारा आत शिरतो. मानेमागून."

सूर्यभाननं मानेवर हात फिरवला. वीस वर्षं ड्रायव्हरच्या खिडकीतला वारा तिथंच बसत आला होता. बाकीचं त्याला कितपत पटलं कोण जाणे, एवढं मात्र पटलं.

नाकपुड्यांच्या बाजूला, अंगठ्याच्या बेचक्यात आणि गुडघ्याखाली सुया लागल्या. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. हाताला जडपणा आला. त्यांनी गार ताक, केळी बंद करायला सांगितली, मानेला मफलर बांधायला सांगितला.

"या वर्षी उशीर झालाय. पुढच्या वर्षी आखाडातच या. शिंका सुरू व्हायच्या आधी."

तो आखाडात गेला, दर आठवड्याला जात राहिला. भादव्यात सकाळी घरी थोड्या शिंका आल्या, पण नंतर दिवसभर नाहीत. तरी डेपोच्या आवारात रिकामी गाडी चालवून बघितल्याशिवाय त्यानं लाईनवर ड्युटी घेतली नाही.

"सुयांनीच गेलं म्हणायचं का?" छगननं विचारलं.

"मला सांगता यायचं न्हाई. औंदा गवत बी कमीच हाय. बाईबी म्हनल्या, नक्की सांगता येत न्हाई."

तीन-चार वर्षांनी त्याच्या मुलीला, आरतीलाही, भादव्यात शिंका सुरू झाल्या. तो तिला नगरला घेऊन गेला. सुया बघून ती रडायला लागली, तेव्हा त्यानं आधी स्वतःचा हात पुढे केला. मग तिनंही टोचून घेतल्या. पण तिला गुण आला नाही. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांना येतोच असं नाही.

सूर्यभाननं वाद घातला नाही. तिला कानानाकाच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि स्वतःचं आखाडातलं जाणं चालू ठेवलं.