हातातला क्लच

कुठलाही नट सोडवण्याआधी मेश्रामताई त्याचं चित्र काढत. अंदाजाने काढलेलं चित्र नव्हे. मापासकट, वरून, पुढून आणि बाजूने दिसेल असा नकाशा. ट्रेसिंग पेपर, टोकदार पेन्सिल, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आणि सही. तो कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला की मगच त्या पान्याला हात लावत. जीपचं इंजिन पूर्ण उघडून झालं तोवर भिंतीवर जागा उरली नव्हती. गिअरबॉक्सचे नकाशे कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेले होते.

"आधी कागद, मग पाना," त्या म्हणत. वेल्डर इक्बालभाई साठीचे होते आणि हयातभर त्यांनी गाड्या कागदाशिवायच उघडल्या होत्या. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, "मॅडम, नट खोलना है, निकाह थोड़ी पढ़ना है." दुसऱ्या महिन्यात तेच एखादा पुर्जा हातात धरून थांबत आणि विचारत, "इसका फोटो बन गया?"

मी तेव्हा गाझियाबादला, हिंडन नदीजवळच्या एका वसाहतीत, त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. माझी ड्यूटी संध्याकाळची, त्यामुळे सकाळी सातला खालून येणारा हातोड्याचा आवाज मला सोसवेना. तक्रार करायला खाली गेलो. एका लाकडी पाटावर बसून एक बाई गंजलेल्या जीपच्या पोटात डोकं घालून काहीतरी मोजत होत्या. मी मराठीत कुरकुरलो तसं आतूनच उत्तर आलं, "अरे वा, मराठी हाय का? मग हे टेपचं टोक धर बरं. घट्ट. झोप दुपारी घे." मी टोक धरलं. त्यानंतर दोन वर्षं अधूनमधून धरत राहिलो. मी वर्तमानपत्रात आहे हे कळल्यापासून त्या मला पत्रकार म्हणत, नावाने कधीच नाही.

शकुंतला मेश्राम या वैनगंगेकाठच्या एका गावातून चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी दिल्लीत आल्या आणि केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यातून साठाव्या वर्षी मुख्य ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्यांनी हापूडजवळच्या एका वीटभट्टीच्या मागे पडलेली, साठच्या दशकातली पेट्रोलची जीप विकत घेतली आणि टेम्पोवर घालून घरी आणली. वसाहतीत तेव्हापासून दोन प्रश्न विचारले जाऊ लागले. जीपच का, आणि चालवणार कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका शब्दात देत. पहिल्याचं जरा मोठं होतं. "ऑफिसातले म्हणायचे, मॅडम, ऑटोमॅटिक घ्या, क्लचच नाही, पायाचा प्रश्नच मिटला. त्याआधी स्कूटर होती, मागे दोन जास्तीची चाकं लावलेली. सगळ्यांनी जन्मभर मले सपाट रस्ता दाखवला, पत्रकार. मले खड्डे पाहिजेत."

खड्ड्यांसाठी क्लच हवा होता आणि क्लच डाव्या पायाखाली असतो. तो हातात आणायचा, हे या गाडीतलं खरं काम होतं. बाकीचं, म्हणजे चासीचा गंज, पुढच्या चाकांना ताकद देणारा गिअर, तळातली पत्र्याची ठिगळं, हे मायापुरीच्या भंगार बाजारात हिंडून आणि इक्बालभाईंच्या हाताने निभावलं. क्लचची रचना मात्र ताईंची एकटीची. त्यांनी सीटच्या उजव्या बाजूला एक दांडा बसवला. उजव्या हाताने तो ओढायचा, डाव्या हाताने गिअर टाकायचा. मूळ पॅडल काढून, तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. त्या जागी डावा पाय टेकवायला गादीची एक फळी केली. नकाशा आठ कागदांचा होता आणि त्यात चालकाचा हात, कोपर, खांदा सगळं मापाने काढलेलं होतं.

पहिली चाचणी जानेवारीत झाली. त्या आठवड्यात ऊन पडलं नव्हतं. ताईंनी आत स्वेटर आणि वर जाड कोट घातला होता. जीप गॅरेजमधून बाहेर पडली, वळली, आणि थांबण्यासाठी ताईंनी दांडा ओढला तेव्हा कोटाची बाही सीट आणि पत्र्याच्या मध्ये अडकली. क्लच अर्धाच दबला. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जीपने वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष त्यागीजी यांच्या शेवंतीच्या अकरा कुंड्या फोडल्या होत्या.

त्यागीजी शाल सावरत बाहेर आले. "मॅडम, ये क्या हो रहा है?"

ताईंनी इंजिन बंद केलं, बाही सोडवली आणि खाली न उतरताच म्हणाल्या, "गलती मेरी है. ड्रॉइंग में ठंड दिखाना रह गया."

त्यागीजींना याचा अर्थ लागला नाही. इक्बालभाईंना लागला, ते तोंड फिरवून हसत होते. आठवी कुंडी उचलतानाच ताईंनी ठरवलं होतं की उजवीकडचा दांडा रद्द. नवा नकाशा काढला त्यात चालकाला कोट, मफलर आणि हातमोजे होते. यावेळी मोटरसायकलच्या हँडलवर असते तशी मूठ गिअरच्या दांड्यावरच बसवली आणि तेलाच्या छोट्या पंपाने ती क्लचला जोडली. मूठ आवळली की क्लच दबतो, त्याच हाताने गिअर पडतो, उजवा हात स्टिअरिंगवरून हलतच नाही. पहिल्यापेक्षा ही रचना सरस होती. त्यागीजींना अकरा नव्या कुंड्या पोचल्या. त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि समितीकडे केलेली तक्रारही मागे घेतली नाही.

मार्चमध्ये वसाहतीच्या मागच्या फाटकातून जीप हिंडनच्या खादरात उतरली. नदीच्या पुराची ती मऊ, चिखलट जमीन. मी शेजारी बसलो होतो. बांधाचा चढ माझ्या उंचीपेक्षा जास्त होता आणि वर आभाळाखेरीज काही दिसत नव्हतं. ताईंनी मूठ आवळली, खालचा गिअर टाकला, मूठ हळूहळू सोडली. जीप घसरली, थांबली, पुन्हा लागली आणि वर गेली. वर गेल्यावर त्या थांबल्याच नाहीत. गाडी वळवून खाली उतरल्या आणि पुन्हा चढल्या. असं सहा वेळा. सातव्या वेळी इक्बालभाई खालून ओरडले, "मॅडम, पेट्रोल पानी नहीं है!"

पण खादरापलीकडे, रस्त्यावर, ती जीप नेता येत नव्हती. राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवायला मनाई आहे. अंमलबजावणी कधी सैल, कधी कडक. पण पकडली गेलेली गाडी भंगारात जाऊ शकते, ही टांगती तलवार कायम. त्यागीजींच्या समितीने नोटीसही लावली होती, की कागद नसलेली वाहनं महिन्याभरात आवारातून हटवावीत, अन्यथा क्रेन बोलावली जाईल. सुटकेची एकच वाट होती. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदवली तर तिला वेगळा नंबर मिळतो आणि तिला कोणी तोडायला नेत नाही. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी.

तपासणीच्या दिवशी जीप टोचनच्या गाडीमागे बांधून नेली; इक्बालभाई आणि मी सोबत होतो. परिवहन खात्याची तीन जणांची समिती होती. त्यातले वयस्कर सदस्य गाड्यांचे जाणकार. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "वाह. ऐसा तो नई में नहीं सुना." मग त्यांचं लक्ष गिअरच्या दांड्याकडे गेलं.

"ये क्या है?"

"क्लच."

"क्लच तो नीचे होता है, मॅडम."

"सबका नीचे होता है. मेरा ऊपर है."

त्यांनी ताईंच्या पायाकडे पाहिलं, मग कागदाकडे. ते वाईट गृहस्थ नव्हते. बाकीचे दोघे चहाला गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला. "असली पॅडल रखा है न? एक दिन के लिए लगा दीजिए, ये हटा दीजिए. फोटो खिंच जाएगी, नंबर मिल जाएगा. बाद में आपकी गाड़ी, आपकी मर्ज़ी."

"और उस दिन चलाएगा कौन?"

"कोई भी चला देगा. ये आपके मिस्त्री चला देंगे."

"तो नंबर भी इन्हीं को दे दीजिए," ताई म्हणाल्या आणि फाइल बंद केली.

परतीच्या वाटेवर मी बोलायला लागलो. पॅडल लावायला दोन तास, काढायला दोन तास, नियमाचा हेतू गाडी वाचवण्याचाच आहे आणि गाडी वाचेल, असा सगळा युक्तिवाद मी नीट मांडला. शेवटी म्हणालो, "ताई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्यांनी टोचनच्या गाडीच्या मागच्या काचेतून जीपकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "नोकरीच्या मुलाखतीले गेली तवा मामा म्हणाले, लुगडं खाली सोडून बस, पाय दिसू देऊ नको. एका दिवसाचाच प्रश्न होता. पाहुणे पाहायले आले तवा आई म्हणाली, आधीच येऊन बसून राह्य, चालून दाखवू नको. तो बी एकच दिवस. ऑफिसचा ग्रुप फोटो निघाला तवा साहेबानं मले खुर्चीच्या मागं उभं केलं. मोजून पाह्य, पत्रकार, किती एक-एक दिवस झाले."

मी मोजले नाहीत. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

तपासणी समितीचं पत्र आठवड्याने आलं. मूळ रचनेत बदल असल्याने अर्ज नामंजूर. नोटिशीचे अकरा दिवस उरले होते. ओळखीच्या मराठी मंडळींनी फोन करून तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि अकराव्या दिवसाची वाट न पाहता तिसऱ्याच दिवशी घराबाहेर घर विकायचं असल्याची पाटी लावली. दुसऱ्या राज्यात नोंदणीसाठी ना-हरकत दाखल्याचा अर्ज केला. गावी भावाच्या घराशेजारी त्यांच्या नावाची जागा होती. तिकडे जीपला मनाई नव्हती, आणि अपंग चालकासाठी बदललेली गाडी म्हणून रीतसर नोंद करता येणार होती. जीप तोवर क्रेनच्या हाती लागू नये म्हणून इक्बालभाईंनी तिची चारही चाकं काढून आपल्या दुकानात नेऊन ठेवली.

त्यागीजी स्वतः भेटायला आले. त्यांना एवढं अपेक्षित नव्हतं. "अरे मॅडम, छत्तीस साल नौकरी की यहाँ. गाड़ी के लिए कोई घर छोड़ता है?"

"घर के लिए गाड़ी छोड़ देती, तो आप पूछने भी न आते," ताई म्हणाल्या. "बैठिए, चाय लीजिए." त्यागीजी बसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, क्रेनला आपण सांगून ठेवू, दाखला येईपर्यंत कोणी हात लावणार नाही. त्यांनी शब्द पाळला.

मला ताईंनी वेगळंच सांगितलं. "तिले इथं राहता येत नाही, तर मी काहून राहू? मी काय तिच्याहून नवी आहे?"

दाखला आणि प्रवासापुरता परवाना आल्यावर जीप ट्रकवर चढवली. होडलच्या पुढे राजधानी क्षेत्र संपतं. कोसीच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात ती फळ्यांवरून उतरवली. इक्बालभाईंनी ब्रेकचं तेल पाहिलं, मुठीचं तेल पाहिलं, चाकांचे नट पुन्हा आवळले. पुढे हजार किलोमीटर होते. ते म्हणाले, "मॅडम, मैं साथ चलता हूँ. नागपूर से रेल पकड़ लूँगा."

"तुम चलोगे तो लोग समझेंगे तुम चला रहे हो."

"समझने दो."

"नहीं समझने देना," ताई म्हणाल्या.

त्यांनी सीटवर बसून कॅलिपरचा खटका सोडला, डावा पाय हाताने उचलून फळीवर ठेवला, मूठ आवळली आणि पहिला गिअर टाकला. ढाब्यावरचे चार ट्रकवाले खाटेवरून उठून बघायला आले. जीप महामार्गाला लागली, तिने एका उसाच्या ट्रॉलीला मागे टाकलं आणि दिसेनाशी झाली. इक्बालभाईंनी फळ्या उचलल्या. त्या उचलताना ते मोठ्याने रडत होते आणि त्यांनी ते कोणापासून लपवलं नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. पोचल्या होत्या. नोंदणीला मात्र सात महिने लागले. गाडी पहिल्याच तपासणीत उत्तीर्ण झाली, अडलं कागदावर. ताईंनी फोनवर सांगितलं, "पत्रकार, ते 'दोष' म्हणून रकाना आहे, त्यात लिहून राहिले, क्लच पायाने चालत नाही. म्या म्हटलं, खोडा. हा दोष नाही."

"मग?"

"म्हणे, मॅडम, दुसरा रकानाच नाही छापलेला. तीनदा परत पाठवलं मले."

"मग काय केलंत?"

"म्हटलं, मी ड्राफ्ट्समन आहे. रकाना आखून देतो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या कागदाचा फोटो पाठवला. छापील रकान्यांच्या खाली शाईने आखलेली एक चौकट होती, चारही कोपरे काटकोनात. वर त्यांच्या वळणदार, सुट्या अक्षरांत शीर्षक होतं: रचना. खाली अधिकाऱ्याच्या घाईच्या अक्षरात दोन शब्द, 'क्लच हाताने'. आणि कार्यालयाचा गोल शिक्का बरोबर त्या चौकटीत मारलेला होता.